वहीतल्या लाल खुणा

ती आली, पर्स खाली ठेवली, मास्क हनुवटीवर ओढला, पुन्हा वर केला आणि मांडीवरची शाळकरी वही माझ्याकडे सरकवली. "मॅडम, मला बोलून नीट सांगता येणार नाही. यात सगळं लिहिलंय."

वहीत सहा पानं भरलेली होती. एका पानावर एक दिवस. सकाळी काय झालं, दुपारी काय, कोणाला फोन केला, कोण काय म्हणालं. अक्षर सुबक, ओळी सरळ, कुठे खाडाखोड नाही. आणि पाच ठिकाणी समासात लाल पेनाने केलेली फुली. प्रत्येक फुलीशेजारी तोच एक शब्द: "इथे."

"इथे म्हणजे?"

"इथे न्यायला हवं होतं."

२०२० च्या टाळेबंदीत तिची नऊ वर्षांची मुलगी आजारी पडली आणि सहाव्या दिवशी पहाटे तिला उचलून रुग्णालयात न्यावं लागलं. टाइप १ मधुमेह निघाला. तो लक्षात येईपर्यंत रक्तात आम्ल साचून पोर जवळजवळ बेशुद्ध झाली होती. तीन दिवस आयसीयूत काढून ती सावरली, घरी आली. आई माझ्याकडे आली तेव्हा या गोष्टीला आठ महिने झाले होते. मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती, स्वतःचं बोट स्वतः टोचून साखर बघायला शिकली होती. आई अजून त्या सहा पानांतच फिरत होती.

"मी लवकर नेलं असतं तर?" महासाथीनंतर हा प्रश्न मी किती आईवडिलांच्या तोंडून ऐकला याची मोजदाद नाही. कोणाच्या मुलाचं अपेंडिक्स फुटेपर्यंत घरी पोटदुखीचं औषध चाललं, कोणाच्या बाळाच्या लसी लांबल्या, कोणाचं मूल धाप लागलेली असताना दोन रात्री घरातच वाफ घेत बसलं. म्हणून या एका घराची गोष्ट जरा विस्ताराने सांगते. घरच्यांना विचारूनच सांगते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या पानावर होतं: सारखी पाणी मागते. उकाडा असेल. दुसऱ्यावर: रात्री दोनदा लघवीला उठली, चिडचिड. तिसऱ्या दिवशी ऑनलाइन वर्गात तिचा डोळा लागला. नेहमीचा दवाखाना बंद होता, म्हणून आईने कोणाकडून तरी मिळालेल्या नंबरवर एका अनोळखी डॉक्टरांना फोन लावला. चार मिनिटांचं बोलणं. ताप आहे का? नाही. खोकला? नाही. वास येतो ना? घरात कोणी बाहेरून आलंय का? मग घरीच थांबा, पाणी भरपूर द्या, बाहेर पडू नका. चौथ्या दिवशी मुलीचं पोट दुखायला लागलं, फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला. पाचव्या दिवशी दोन उलट्या. संध्याकाळी श्वास खोल आणि जोरात, "पळून आल्यासारखा", असं तिने लिहिलं होतं. मुलगी तर दिवसभर अंथरुणात होती.

पाचव्या पानावर पुढे एक ओळ होती. "हे म्हणाले, सकाळपर्यंत बघू."

सहाव्या पानावर फारसं काही नव्हतं. पहाटे हाक मारली तर ओ देईना. तोंडाला गोडसर वास. निघालो.

आता माझी चूक सांगते. वही वाचून मी मिटली आणि म्हणाले, "यात तुमची काही चूक नाही. त्या काळात कोणीही हेच केलं असतं." मनापासून म्हणाले. तिने मान डोलावली, वही पर्समध्ये टाकली, उरलेली वीस मिनिटं सौजन्याने बोलली आणि पुढच्या वेळी आलीच नाही. फोन केला तर म्हणाली, बरं चाललंय.

इतकी वर्षं समुपदेशनाचं काम करून मी तेच केलं जे तिच्या घरात आठ महिने सगळे करत होते. नणंद म्हणायची तुझा काय दोष, शेजारीण म्हणायची देवाने वाचवलं ना, मग झालं. प्रत्येकाने तिला धीर दिला, वही मात्र कोणी वाचली नव्हती. मी वाचली, आणि तरीही दोन वाक्यांत तिचा सहा पानांचा पुरावा निकालात काढला. जिला स्वतःचा गुन्हा इतका बारकाईने दिसतो आहे, तिला "गुन्हाच नाही" म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतोय, नाहीतर त्याने नीट ऐकलेलं नाही. दोन्ही परींनी तो तिच्या उपयोगाचा नाही.

महिन्याभराने ती आपणहून आली. कारण वेगळं होतं. मुलगी रात्री रडून म्हणाली होती, "आई, मला झोपू दे ना गं." आई दर दोन तासांनी गजर लावून उठायची, मुलीचं बोट टोचायची, श्वास मोजायची, तोंडाचा वास घ्यायची. डॉक्टरांनी रात्री एकदाच तपासायला सांगितलं होतं. मुलीला इतर मुलांना भेटायला बाहेर सोडणं बंद होतं. जवळच राहणाऱ्या मैत्रिणीचा वाढदिवसही मुलीने फोनच्या पडद्यावरूनच बघितला होता.

या वेळी मी म्हणाले, "वही आणलीय का?"

आणली होतीच.

बोलता बोलता एक गोष्ट उघड झाली, जी मला पहिल्याच भेटीत विचारायला हवी होती. तिची समजूत अशी होती की पहिल्या-दुसऱ्या दिवशी नेलं असतं तर मुलीला मधुमेह झालाच नसता. "सुरुवातीलाच औषध मिळालं असतं तर तिथेच थांबला असता ना?" म्हणजे ती सहा दिवसांच्या उशिराबरोबर मुलीला जन्मभर घ्यावं लागणारं प्रत्येक इंजेक्शन स्वतःच्या खात्यावर लिहीत होती. दिवसातून चार वेळा सुई टोचताना दर वेळी तिच्या मनात तेच चालायचं.

मी डॉक्टर नाही. याचं उत्तर मी देणं बरं दिसलं नसतं आणि तिला ते पटलंही नसतं. म्हणून आम्ही दोघींनी बसून दोन प्रश्न कागदावर लिहिले आणि ते घेऊन तिला मुलीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. पहिला: लवकर आणलं असतं तर मधुमेह टळला असता का? दुसरा: लवकर आणलं असतं तर आयसीयू टळलं असतं का? दोन्ही प्रश्न वेगवेगळे विचारा, दोन्हींची उत्तरं वेगवेगळी लिहून आणा, असं बजावलं.

पहिल्याचं उत्तर होतं, नाही. टाइप १ मधुमेहात शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करत जाते. हे आतल्या आत कित्येक महिने, कधी काही वर्षं चाललेलं असतं. तहान आणि लघवी दिसायला लागते तेव्हा त्यातल्या बहुतेक पेशी कामातून गेलेल्या असतात. घरातल्या खाण्यापिण्याने तो होत नाही आणि पहिल्या दिवशी नेऊन थांबतही नाही. दुसऱ्याचं उत्तर डॉक्टरांनी प्रामाणिकपणे दिलं: बहुतेक हो. इन्सुलिन नसलं की शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागतं, त्यातून कीटोन तयार होतात, रक्त आम्लधर्मी होतं. उलट्या, पोटदुखी, तो खोल श्वास, तोंडाचा वास, सगळं त्यामुळे. दोन-तीन दिवस आधी निदान झालं असतं तर कदाचित इथवर आलं नसतं.

त्या डॉक्टरांचे मी मनातल्या मनात आभार मानले. दुसरं उत्तर गोड करून सांगितलं असतं तर तिने पहिल्यावरही विश्वास ठेवला नसता.

मग आम्ही वहीला हात घातला. मी तिला प्रत्येक पानावर उभी रेघ मारायला लावली. डावीकडे जे घडलं ते होतंच. उजवीकडे एकच गोष्ट लिहायची: त्या क्षणी मला काय माहीत होतं. सहाव्या दिवसानंतर कळलेलं काहीही उजवीकडे येता कामा नये.

वाचायला सोपं वाटतं. करायला आम्हाला तीन भेटी लागल्या. "तहान हे मधुमेहाचं लक्षण" असं ती पहिल्या पानाच्या उजवीकडे लिहायची, मी विचारायची, हे तुम्हाला कधी कळलं? "आयसीयूत." मग खोडा. "वजन कमी होत होतं." वजन केलं होतं? "नाही, फ्रॉक सैल वाटला." मग तेवढंच लिहा. पुन्हा खोडाखोड. त्या सुबक वहीची पार रया गेली, आणि खरं सांगते, ते बघून मला बरं वाटलं.

शेवट कळला की आधीचे सगळे रस्ते तिकडेच जात होते असं वाटायला लागतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये हे एका प्रयोगातून दाखवलं. इंग्रज आणि गुरखे यांच्यातल्या १८१४ च्या लढाईची हकीगत त्याने वेगवेगळ्या गटांना वाचायला दिली. एका गटाला सांगितलं की यात इंग्रज जिंकले, दुसऱ्याला सांगितलं गुरखे जिंकले, आणखी कोणाला सांगितलं की कोणीच जिंकलं नाही. मजकूर तोच. पण ज्या गटाला जो शेवट सांगितला, त्याला तोच शेवट आधीपासून संभवत होता असं वाटलं. मी ही गोष्ट तिला सांगितली तेव्हा ती थोडी हसली. "म्हणजे पोरगी दुसऱ्या दिवशी आपोआप बरी झाली असती, तर मी म्हणाले असते, बघा, मला माहीतच होतं, उकाडाच होता." मी म्हणाले, आणि वहीच लिहिली नसती.

तिसऱ्या पानावर आम्ही बराच वेळ थांबलो. तो फोन. त्यावर तिने दोनदा गिरवून फुली मारली होती, कारण "मी त्यांना नीट सांगितलं नाही". मी विचारलं, त्यांनी काय विचारलं? तिने चारही प्रश्न वाचून दाखवले. तिचं तिलाच लक्षात आलं. ते चारही प्रश्न एकाच आजाराचे होते. ११ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली, आणि त्यानंतर काही काळ जगभरच्या दवाखान्यांत मूल आजारी आहे याचा अर्थ कोरोना आहे की नाही, एवढाच उरला होता. नाही म्हटलं की सुटकेचा निःश्वास आणि घरी थांबा. लघवी किती वेळा होते, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही, आणि विचारलं नाही म्हणून तिने सांगितलं नाही.

याची नोंद पुढे अनेक देशांत झाली. जर्मनीत १३ मार्च ते १३ मे २०२० या दोन महिन्यांत टाइप १ मधुमेहाचं नवं निदान झालेल्या ५३२ मुलांची माहिती तपासली गेली. त्यातली जवळपास ४५ टक्के मुलं रक्तात आम्ल साचल्यानंतरच आली होती. आधीच्या दोन वर्षांत याच काळात हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास होतं. हे मी तिला सांगितलं. ती गप्प राहिली, मग म्हणाली, "म्हणजे त्या ४५ मधली एक मी." आकड्यांचा दिलासा तेवढाच असतो, घरी पोचेपर्यंत टिकला तरी खूप. पण आपण एकट्याच अशा नाही, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं.

इटलीतली एक नोंदही मला माहीत होती. मार्च २०२० च्या एका आठवड्यात तिथल्या पाच रुग्णालयांत उशिरा आणलेली १२ मुलं डॉक्टरांनी नोंदवली. निम्म्यांना अतिदक्षता विभाग लागला, चौघं दगावली. ही गोष्ट मी तिला सांगितली नाही. आजही सांगणार नाही. इथे लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणाला तरी वाटेल की मी तिचं दुःख उगाच फुगवते आहे.

पाचपैकी चार फुल्या अशा पुसल्या गेल्या. पुसल्या म्हणजे तिनेच त्यावर आडवी रेघ मारली, मी नाही. राहिली पाचवी. संध्याकाळ, खोल श्वास, आणि "सकाळपर्यंत बघू".

या पानाच्या उजव्या बाजूला काय लिहायचं, तिला बरोबर माहीत होतं. तिने न थांबता लिहिलं: "हा श्वास बरोबर नाही हे मला कळलं होतं."

त्याखाली बाकीचंही लिहिलं. घरात सासूबाई, त्यांच्या फुप्फुसांचा जुना आजार, डॉक्टरांनी निक्षून सांगितलेलं की यांना संसर्ग झाला तर कठीण आहे. जवळचं रुग्णालय कोरोनासाठी राखून ठेवलेलं. मुलीला घेऊन तिथे जायचं आणि परत या खोल्यांत यायचं. म्हणजे नवरा-बायको बेफिकीर बसली नव्हती. एका हाताला पोर, दुसऱ्या हाताला म्हातारी आई, असा तो प्रसंग होता. तरीही ती वर बघून म्हणाली, "पण मला कळलं होतं, मॅडम."

मी म्हणाले, "हो. त्या रात्री जायला हवं होतं."

बरीच शांतता झाली. तिने लाल पेनाला टोपण लावलं. "एवढी एक."

"एवढी एक. साधारण दहा-बारा तास."

सहा दिवसांचं एका रात्रीवर आलं. त्या एका रात्रीबद्दल मी तिची समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. जे खरोखर आपलं आहे ते कोणी हिसकावून घेतलं की माणूस ते दुसरीकडे शोधत बसतो, तहानेत, फोनमध्ये, सुईत. हे माझं निरीक्षण आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही.

मग नवऱ्याचा विषय निघाला. आयसीयूच्या बाहेर, पहिल्या रात्री, ती त्याला एकदाच म्हणाली होती: "तुम्ही थांबवलंत." त्यानंतर आठ-नऊ महिने या विषयावर दोघांत अक्षर नाही. साखरेच्या पट्ट्या संपल्या, इन्सुलिन आणायचंय, एवढंच बोलणं. मी त्यांना बोलावलं. ते एकदा आले, हात छातीशी बांधून बसले, माझ्या प्रत्येक प्रश्नाला "ठीक आहे" म्हणाले. जाताना दारात थांबून विचारलं, "ती सगळं वहीत लिहिते का?" मी म्हणाले, तिलाच विचारा. पुन्हा आले नाहीत.

मुलीशी बोलायचं ठरलं. आईला वाटत होतं लेकीची माफी मागावी. मी सांगितलं, जरूर बोला, पण "मला माफ कर" म्हणू नका. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला आईला माफ करायचं काम लावणं म्हणजे तिच्या पाठीवर दप्तराशिवाय आणखी एक ओझं. काय घडलं ते सांगा, काय करायला हवं होतं ते सांगा, पुढे काय करणार ते सांगा. रडू आलं तर येऊ दे, पण बोलणं तीन वाक्यांत संपवा. वाक्यं आम्ही घोकून घेतली.

मुलगी चुणचुणीत होती. खुर्चीत बसायच्या आधीच मला म्हणाली, "काकू, तुम्हाला माहितीये, पहिल्यांदा इन्सुलिन कोणाला दिलं?" रुग्णालयात कोणीतरी तिला ही गोष्ट सांगितली होती. कॅनडात टोरांटोमध्ये, १९२२ च्या जानेवारीत, लेनर्ड थॉम्पसन नावाच्या १४ वर्षांच्या मुलाला. "आणि पहिलं इंजेक्शन नीट चाललंच नाही. मग त्यांनी औषध आणखी शुद्ध केलं आणि बारा दिवसांनी परत दिलं. तेव्हा चाललं." तिने बोटांवर बारा मोजून दाखवले. मग आईकडे वळून, अगदी सहज: "तो बारा दिवस थांबला. मी सहाच."

आईची घोकलेली वाक्यं तिथेच विस्कटली. पण जमतील तशी तिने म्हटली. त्या रात्री तुझा श्वास बघून मला भीती वाटली होती. तेव्हाच निघायला हवं होतं, मी थांबले. आता असं कधी वाटलं तर थांबणार नाही, कितीही रात्र असू दे.

मुलगी पायाच्या अंगठ्याने जमिनीवर गोल काढत होती. "मी पण सांगितलं नव्हतं."

काय?

"मी गादी उलटी करायचे."

आजारी पडायच्या आधी आठवडाभर ती रात्री अंथरूण ओलं करत होती. नऊ वर्षांच्या मुलीला त्याची लाज. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चादर पंख्याखाली वाळवायची, गादी उलटायची. लाजेखाली भीतीही होती. टीव्हीवर तिने पांढऱ्या पोशाखातली माणसं लोकांना घेऊन जाताना बघितली होती, आणि घरात मोठी माणसं बोलताना ऐकलं होतं की आत गेलं की घरच्यांना भेटू देत नाहीत. आपण आजारी आहोत हे कळलं तर आपल्याला एकटीला नेतील. म्हणून चादर लपवली.

आईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं: सुटका, आणि पाठोपाठ त्या सुटकेची शरम. सगळ्यांत बोलकं लक्षण तिच्यापासून लपवलेलं होतं. आता दोष लेकीकडे सरकायला एक क्षण पुरला असता, आणि लेक तो घ्यायला तयारच बसली होती. मी मध्ये पडले. मुलीला म्हणाले, तुला भीती वाटली म्हणून तू लपवलंस, लहान मुलं असंच करतात. मोठ्यांनी तुझ्यासमोर ते बोलायला नको होतं. आईने लगेच "हो, ते आमचं चुकलं" म्हटलं. हे वाक्य आम्ही घोकलेलं नव्हतं.

नंतर कळलं की आजीही हेच मनात घेऊन बसल्या होत्या. माझ्यापायी पोरीला नेलं नाही, माझं आता काय राहिलंय, असं त्या सुनेला नंतर कधीतरी म्हणाल्या. एका घरात चार माणसं, चौघांनाही खात्री की दोषी आपणच, आणि चौघंही दुसऱ्याला त्रास नको म्हणून गप्प.

रात्रीच्या जागरणाचं काम त्यामानाने सरळ होतं. दर दोन तासांचा गजर एकदम बंद करा म्हटलं असतं तर ती गजराशिवाय जागी राहिली असती. डॉक्टरांशी बोलून आम्ही आधी चारावरून तीनवर आलो, मग दोनवर, आठ-दहा आठवड्यांत त्यांनी सांगितलेल्या एका वेळेवर. मधल्या वेळी उठावंसं वाटलं तर मुलीला हात न लावता, भीती किती आहे ते एक ते दहामध्ये वहीत लिहायचं आणि पाणी पिऊन परत आडवं व्हायचं. मुलीला पुन्हा बाहेर सोडणं मात्र लांबलं. त्यात मागेपुढे बरंच झालं.

आता जे वाचक आत्ता, या घडीला, अशाच पेचात आहेत त्यांच्यासाठी थोडं. यातलं वैद्यकीय सगळं मी बालरोगतज्ज्ञांकडून शिकले आहे.

फोनवर "तिला बरं वाटत नाहीये" एवढंच सांगू नका. मोजून सांगा. लघवी किती वेळा, पाणी किती, काय पोटात टिकतंय, किती तासांपासून. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पलीकडच्यांनी विचारलं नाही तरी जे वेगळं वाटतंय ते बोला, आणि फोन ठेवायच्या आधी विचारा: कोणतं लक्षण दिसलं तर परत फोन न करता थेट निघायचं? या एका प्रश्नाचं उत्तर त्या आईकडे असतं तर पाचव्या संध्याकाळी वाद झालाच नसता.

साथ असो वा नसो, काही गोष्टींना सकाळ बघायची नसते. श्वास घेताना छाती आत ओढली जाणं किंवा न पळता पळाल्यासारखी धाप, हाक मारून नीट जागं न होणं, आकडी, आठ-दहा तास लघवीच न होणं, थांबता न थांबणाऱ्या उलट्या, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, दाबूनही न फिके पडणारे लाल-जांभळे ठिपके. मुलग्यांच्या बाबतीत एक गोष्ट घरात बोलली जात नाही: वृषणात अचानक उठलेली कळ. तिथे पीळ पडला असेल तर हातात सहाएक तास असतात आणि मुलगा लाजेने "पोटात दुखतंय" म्हणतो. आणि तहान, सारखी लघवी, थकवा, उतरलेलं वजन, किंवा सवय सुटलेल्या मुलाने पुन्हा अंथरूण ओलं करणं, यातलं दोन-तीन एकत्र दिसलं तर त्याच दिवशी बोटातून साखर तपासून घ्या. काही सेकंदांचं काम आहे.

लसी चुकलेल्यांची घालमेलही मला ठाऊक आहे. २०२० मध्ये जगभरात सुमारे २ कोटी ३० लाख मुलांच्या नेहमीच्या लसी राहून गेल्या. बहुतेक वेळा मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेल्या मात्रा पुढे देता येतात. जुनं कार्ड घेऊन डॉक्टरांकडे जा, तिथे कोणी बोल लावत नाही.

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा वही पर्समध्ये होती, मांडीवर नव्हती. मी आपणहून मागितली. सहा पानांनंतरच्या कोऱ्या पानांवर आता मुलीच्या साखरेचे आकडे होते. दिवसाचे आकडे मुलीच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात. रात्रीचे आईच्या सुबक अक्षरात, तारीख, वेळ, आकडा. मी पानं उलटत गेले. दोन आठवड्यांपूर्वीच्या एका पानापासून रात्रीच्या रकान्यात तिसरंच अक्षर दिसलं, घाईघाईचं, उजवीकडे कललेलं. रात्री ३, आकडा, आणि पुढे कंसात "झोपली आहे". दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

"हे कोणी लिहिलं?"

"हे उठतात आता," ती म्हणाली. "मला म्हणाले, तू झोप. बाकी काही नाही बोलले."